तोंडाचा कॅन्सर रक्तातून येतो का?



मागच्या अंकात आपल्या सिकल सेल रक्ततपासणी शिबिरांचा अहवाल आला होता. तो वाचून एका जुन्या हितचिंतकांनी पत्र पाठवले, सोबत धनादेशही. पत्राचा आशय असा : पाड्यांवर तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण पुन्हापुन्हा सापडतात असे आपण लिहिता. हा आजारही सिकल सेलप्रमाणे या लोकांच्या रक्तातच असणार. तर त्याचीही जनुकीय तपासणी करावी, ज्यांना धोका आहे त्यांना आधीच वेगळे काढून सावध करावे, आणि त्यासाठी ही रक्कम वापरावी. संपादकांनी ते पत्र माझ्या हाती दिले, कारण दवाखान्यात दातांची डॉक्टर मी आहे आणि पाड्यांवर जाऊन लोकांच्या तोंडात बॅटरीचा उजेड पाडून पाहण्याचे काम माझ्याकडे आहे.

पत्र मनापासून लिहिलेले होते. प्रश्नही वावगा नाही. गेल्या पावसाळ्यात नवरा गेलेल्या एका बाईने मला हेच विचारले होते. दोन मुलांना घेऊन ती शिबिरात आली, थोरल्याला पुढे केले आणि म्हणाली, "बाई, बापाचं याच्या रक्तात उतरलं असेल का? बघून सांगा." तिथेच ओसरीवर एक म्हातारबाबा तंबाखू मळत बसले होते. ते हसून म्हणाले, "माझ्या बापानं मरेपर्यंत तंबाखू खाल्ली, त्याला काय झालं? ज्याच्या नशिबात आहे त्याला होणार."

हितचिंतकांच्या, त्या बाईच्या आणि म्हातारबाबांच्या, तिघांच्याही बोलण्यात थोडेथोडे खरे आहे. किती खरे आहे ते समजून घेतले नाही, तर आपल्या प्रार्थना आणि आपले पैसे दोन्ही भलत्या जागी जातील, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहीत आहे.

सिकल सेल आणि हा आजार यांतला फरक

सिकल सेल हा एकाच जनुकातील अगदी बारीक बदलाने होणारा आजार आहे. जनुकाच्या दोन प्रती आपल्याला मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. दोन्ही बदललेल्या आल्या तर आजार होतो, एकच आली तर माणूस वाहक राहतो. भाकरी खा की भात, व्यसन करा की नका करू, हे गणित बदलत नाही. म्हणूनच तिथे रक्ततपासणीला मोल आहे. थेंबभर रक्त स्पष्ट उत्तर देते, आणि ते उत्तर लग्न ठरवताना, बाळंतपणात, औषध सुरू करताना उपयोगी पडते. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये आदिवासी भागांवर भर देऊन सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, ती याच भरवशावर.

तोंडाच्या कॅन्सरचे असे एक जनुक नाही. अपवाद म्हणून फॅन्कोनी ॲनिमिया या फार विरळ आनुवंशिक आजाराचे नाव घ्यावे लागेल. त्यात पेशींना आपल्या डीएनएची मोडतोड नीट दुरुस्त करता येत नाही, आणि अशा माणसाला तंबाखूला न शिवताही तरुणपणी तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो. माझ्या पाहण्यात असा एकही रुग्ण आजवर आलेला नाही. आमच्या शिबिरांत जे येतात त्यांची गोष्ट वेगळी असते, आणि ती बहुतेक वेळा खालचा ओठ दुमडला की दिसते : गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत, वर्षानुवर्षे जिथे बार धरला तिथेच, पांढरट झालेली जागा किंवा न भरणारी जखम.

शरीर तंबाखूचे काय करते

तंबाखू चुन्याबरोबर मळून तोंडात धरली की निकोटिनबरोबर नायट्रोसामाइन नावाची रसायने लाळेत उतरतात. गंमत म्हणावी की दुर्दैव, ही रसायने आली तशी डीएनएला फारशी इजा करत नाहीत. शरीर त्यांना बाहेर घालवण्यासाठी त्यांच्यात बदल करू लागते, आणि त्या बदलाच्या मधल्या पायरीवर ती सर्वांत घातक होतात. तेव्हा ती पेशीच्या डीएनएला जाऊन चिकटतात आणि तिथली अक्षरे बिघडवतात. पहिल्या गटातील एन्झाइम हा बदल घडवून आणतात. दुसऱ्या गटातील एन्झाइम घातक तुकड्यांना पकडून विरघळण्याजोगे करतात, म्हणजे ते लघवीवाटे निघून जातात. तरीही जे डाग डीएनएवर पडतातच, ते पुसण्याचे काम तिसऱ्या गटाचे.

या प्रत्येक एन्झाइमची कृती एकेका जनुकात लिहिलेली असते, आणि ती सर्वांत सारखी नसते. एखाद्याचा पहिला गट जरा जोरात चालतो, एखाद्याचा दुसरा मंद असतो, कोणाची दुरुस्ती थोडी ढिसाळ असते. त्यामुळे दोन भावांनी एकाच चंचीतून तीस वर्षे तंबाखू खाल्ली, तरी दोघांच्या गालातील पेशींना सारखीच इजा होईल असे नाही. म्हातारबाबांच्या वडिलांना काही झाले नाही, त्यामागे हेही एक कारण असू शकते. दुसरे कारण निव्वळ योगायोगाचे आहे : कोणत्या पेशीच्या कोणत्या अक्षरावर घाव बसेल हे ठरलेले नसते. आणि ज्यांना झाले ते तोंड दाखवून सांगायला ओसरीवर बसलेले नसतात, हे आपण विसरतो.

आता हा फरक किती मोठा आहे ते पाहू, कारण सगळा प्रश्न इथेच आहे.

दुसऱ्या गटात जीएसटीएम१ नावाचे एक जनुक आहे. जगातल्या कोट्यवधी लोकांत ते मुळातच नसते, दोन्ही प्रती गळालेल्या असतात. ज्यांच्यात ते नाही त्यांना तोंडाच्या कॅन्सरचा धोका जास्त का, यावर आशियात पुष्कळ अभ्यास झाले. काहींत धोका थोडा वाढलेला दिसला, काहींत दिसला नाही. पण यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हे जनुक नसलेले लोक युरोपात सुमारे निम्मे आहेत. भारतात झालेल्या बहुतेक अभ्यासांत ते प्रमाण चौथाई ते तिसरा हिस्सा एवढेच भरते. रक्तच सगळे ठरवत असते, तर गालाचा कॅन्सर युरोपात जास्त आणि आपल्याकडे कमी दिसायला हवा होता. प्रत्यक्षात २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार ओठ व तोंडाच्या कॅन्सरचे वर्षभरातील जवळजवळ १ लाख ४४ हजार नवे रुग्ण एकट्या भारतातले होते, म्हणजे जगातल्या एकूण नव्या रुग्णांच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक.

दारूच्या बाबतीत याहून ठळक उदाहरण पूर्व आशियातले आहे. चीन, जपान, कोरिया इथल्या पुष्कळ लोकांना दोन घोट घेतले की चेहरा लालबुंद होतो. त्यांच्यातील एका एन्झाइमचा बदललेला नमुना दारूपासून तयार होणारे ॲसिटाल्डिहाइड हे विष वेळेवर निकामी करू शकत नाही. असे लोक दारू पीत राहिले तर अन्ननलिका आणि घसा-तोंड यांच्या कॅन्सरचा धोका बराच वाढतो. न पिणाऱ्याच्या अंगात तेच जनुक निमूट पडून असते. जनुक आहे, पण त्याला काम देणारा पेला नाही.

तंबाखू-सुपारीचे आकडे त्याच्या शेजारी ठेवून पाहा. भारतीय उपखंडातील अभ्यास एकत्र करून २०१४ साली जो हिशेब मांडला गेला, त्यात तंबाखू घातलेले पान किंवा तसे मिश्रण चघळणाऱ्यांचा तोंडाच्या कॅन्सरचा धोका न चघळणाऱ्यांच्या साडेसात पटींहून अधिक निघाला. तंबाखूशिवाय नुसत्या सुपारीचे पान चघळणाऱ्यांचाही तो सुमारे अडीच पट होता. आजवर सापडलेल्या नेहमीच्या जनुकीय फरकांपैकी एकही या आकड्यांच्या जवळपास जात नाही. २०१६ साली युरोप आणि उत्तर व दक्षिण अमेरिकेतील तोंड-घशाच्या कॅन्सरच्या सहा हजारांवर रुग्णांची सगळी जनुके चाळून पाहण्यात आली, तेव्हाही जी मोजकी ठिकाणे सापडली त्यांतल्या बहुतेकांचा एकेकट्याचा परिणाम लहानच होता.

जखम तिथेच, जिथे बार

पुस्तकी आकड्यांपेक्षा मला स्वतःला पटलेली गोष्ट वेगळीच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात देशातील वेगवेगळ्या जिल्ह्यांत घरोघर जाऊन खेडुतांची तोंडे तपासली. पन्नास हजारांवर माणसे पाच जिल्ह्यांत, आणि नंतर आपल्या पुणे जिल्ह्यातील खेड्यांत एक लाखाच्या वर. आंध्रातील श्रीकाकुलम जिल्ह्यात त्यांना टाळूवरचे डाग आणि टाळूचे कॅन्सर मोठ्या प्रमाणात दिसले. एरवी टाळू ही या आजाराची नेहमीची जागा नव्हे. कारण असे, की तिथे बायका, आणि पुरुषही, चुट्टा उलटा ओढतात, म्हणजे पेटलेले टोक तोंडात ठेवून. झळ टाळूला लागते आणि आजार टाळूलाच होतो. आपल्याकडे चिमूट गालात, म्हणून आजार गालात आणि हिरडीवर.

देशाबाहेर पाहिले तरी हेच. तैवानमध्ये सुपारी चघळतात, तीत सहसा तंबाखू नसते, आणि तिथे तोंडाच्या कॅन्सरचे प्रमाण मोठे आहे. पापुआ न्यू गिनीत सुपारी चुन्याबरोबर खातात, तिथेही तेच. तैवानचा मजूर, पापुआचा शेतकरी आणि सातपुड्यातील ऊसतोड कामगार यांची वंशावळ एकमेकांपासून हजारो वर्षे दूर आहे. तिघांच्या तोंडात सारखे आहे ते सुपारी आणि चुना.

म्हणून "आदिवासींच्या रक्तातच आहे" हे वाक्य मला खटकते. मुळात आदिवासी हे एक रक्त नव्हे. भिल्ल, पावरा, वारली, कातकरी, गोंड, कोरकू या जमातींच्या भाषा वेगळ्या, लग्नसंबंध पिढ्यान् पिढ्या आपापल्या जमातीत, आणि जनुकांतील बारीकसारीक फरकही वेगवेगळे. या सगळ्यांना एकच "तोंडाच्या कॅन्सरचे रक्त" लावणे हे शास्त्रही नव्हे आणि प्रेमही नव्हे. सारखे काही असेल तर ती सवय आहे. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१८ साली आदिवासी आरोग्यावर जो अहवाल दिला, त्यात १५ ते ५४ वयाच्या आदिवासी पुरुषांपैकी सुमारे ७२ टक्के तंबाखू वापरतात असे नोंदले आहे. इतर समाजांत हे प्रमाण ५६ टक्के आहे. तेही काही कमी नव्हे.

आणि ही सवय लागते कशी? उन्हात ऊस तोडताना भूक मारायला. दाढ दुखते, दवाखाना तीन तासांवर, मग तंबाखूची चिमूट दाढेखाली. लहान मुलीला आजी मशेरी लावायला शिकवते, दात घासायचे म्हणून. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण टपरीवर सुपारीची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी अशी जोडी मिळते, ती हातावर एकत्र केली की झाले.

मग त्या बाईला काय सांगायचे?

घराण्याचा इतिहास अगदीच निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही. डोके आणि मान या भागांच्या कॅन्सरवरील अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २००९ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आईवडील किंवा सख्खे भाऊबहीण यांपैकी कोणाला असा कॅन्सर झाला असेल, तर धोका सुमारे १.७ पट. पण हा वाढलेला धोका मुख्यतः तंबाखू वापरणाऱ्यांतच दिसला. ज्यांच्या घरात कॅन्सर झाला होता आणि जे स्वतः तंबाखू व दारू दोन्ही घेत होते, त्यांच्यात तो सात पटींवर गेला. शिवाय घराण्यातून येते ते सगळे जनुकांतूनच येते असेही नाही. बापाची चंची मुलाच्या हाती येते तीही घराण्यातूनच.

मी त्या बाईला असे सांगितले : "ताई, नवऱ्याच्या गालात जे झालं, ते त्याच्या गालात घडलं. ते मुलांच्या रक्तात उतरत नाही." हे आणखी थोडे उलगडून सांगते, कारण सुशिक्षित वाचकांचाही इथे गोंधळ होतो. नवी मुंबईतील ॲक्ट्रेक ही टाटा मेमोरियल सेंटरची संशोधन संस्था आणि बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था यांनी भारतीय रुग्णांच्या गाल-हिरडीच्या गाठींतील डीएनए वाचून २०१३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. टीपी५३, एफएटी१, सीएएसपी८, एचआरएएस, एनओटीसीएच१ अशा जनुकांत वारंवार बिघाड सापडले, आणि पूर्वी या आजारात माहीत नसलेली काही जनुकेही पुढे आली. वर्तमानपत्रात "कॅन्सरची जनुके सापडली" अशी बातमी वाचली की आपल्याला वाटते, ही जन्मतःच आलेली असणार. पण हे बिघाड गाठीतले आहेत. त्याच माणसाच्या रक्तातील पेशींत ते नव्हते, तुलना करूनच ते ओळखले गेले. आयुष्यात, त्या एका जागी, घाव सोसून सोसून ते झाले. टीपी५३ तर पेशीचा पहारेकरीच. पेशीचा डीएनए बिघडला की तो तिची वाढ थांबवतो. तोच घायाळ झाला की बिघडलेली पेशी वाढायला मोकळी.

आईवडिलांकडून मुलाला मिळते ती फार तर थोडी कमी-जास्त सोसण्याची ताकद. त्या ताकदीची परीक्षा घ्यायची की नाही, हे जनुक ठरवत नाही.

थोरल्याला मी तोंड उघडायला लावले. स्वतःच्या हाताची तीन बोटे उभी करून दातांच्या मधे जातात का पाहा, म्हटले. कशीबशी दोन गेली. मुलगा सतरा वर्षांचा. खिशात गोड सुपारीच्या चार पुड्या होत्या. गालाच्या आतली कातडी फिकट आणि ताठ झालेली, बोट फिरवले तर दोरीसारखे पट्टे लागत होते. सुपारीने तोंड असे आखडत जाते, तिखट लागले की आग होते, आणि अशा तोंडांपैकी काहींत पुढे कॅन्सर होतो. आई म्हणाली, "पण हा तंबाखू खात नाही बाई, नुसती सुपारी." जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीला, तंबाखू नसली तरी, माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. ही माहिती पाड्यावर पोचली नाही याचे मला नवल नाही. आपल्या मंडळ्यांतील लग्नांत जेवणानंतर रंगीत सुपारीचे तबक अजून फिरते, लहान मुले मूठ भरून घेतात आणि आपण कौतुकाने पाहतो, याचे मात्र वाईट वाटते.

जनुकीय तपासणी का नको

हितचिंतकांना मी कळवले ते असे. आज बाजारात मिळणाऱ्या जनुकीय तपासण्यांतून एखाद्या पावरा किंवा वारली माणसाला तोंडाचा कॅन्सर होईल की नाही हे सांगता येत नाही. जोखमीचे गुणांक काढण्याच्या पद्धती बहुतांश युरोपीय वंशाच्या लोकांवरील माहितीतून बांधलेल्या आहेत. आणि समजा उत्तर आलेच, तर त्याचे करायचे काय? "धोका कमी" असे सांगितलेला माणूस निर्धास्तपणे बार भरेल. "धोका जास्त" असे सांगितलेल्याला आपण जे सांगणार ते पहिल्यालाही सांगायचेच आहे : सोडा, आणि तोंड दाखवत राहा.

याशिवाय रक्ताचा प्रश्न विश्वासाचाही असतो. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात हवासुपाई नावाची छोटी आदिवासी जमात ग्रँड कॅन्यनच्या तळाशी राहते. त्यांच्यात मधुमेह फार. १९९० च्या दशकात तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेहासाठी म्हणून त्यांचे रक्त घेतले. पुढे लोकांना कळले, की तेच रक्त मानसिक आजार आणि जमातीचे मूळ कुठले यांवरील अभ्यासांतही वापरले गेले, त्यांना न विचारता. प्रकरण न्यायालयात गेले, २०१० साली तडजोड होऊन भरपाई मिळाली आणि उरलेले नमुने परत करण्यात आले. आपल्या सिकल सेल शिबिरात प्रत्येक घराला तपासणी कशासाठी ते त्यांच्या बोलीत सांगून मगच सुई लावली जाते, ते यासाठीच. ज्या तपासणीचा लोकांना उपयोग नाही, तिच्यासाठी हा विश्वास खर्ची घालू नये.

उपयोग कशाचा होतो, हे केरळने दाखवून दिले आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून तेरा पंचायतींमधील, पस्तिशीच्या पुढच्या सुमारे १ लाख ९० हजार लोकांचा अभ्यास झाला. काही पंचायतींत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते घरी जाऊन, चांगल्या उजेडात, नुसत्या डोळ्यांनी लोकांची तोंडे पाहत. बाकीच्यांत नेहमीचीच सेवा. २००५ साली निष्कर्ष आले, तेव्हा तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणीच्या गावांत ३४ टक्क्यांनी कमी होते. या तपासणीत कसलेही यंत्र किंवा प्रयोगशाळा नव्हती. त्याआधी १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या ३६ हजार तंबाखू वापरणाऱ्यांवरील अभ्यासात, समजावून सांगितल्याने बऱ्याच जणांनी सवय सोडली किंवा कमी केली आणि तोंडात नव्याने होणारे पांढरे चट्टे कमी झाले, असे दिसले होते. म्हणजे सांगण्यानेही फरक पडतो, सांगणारा पुन्हापुन्हा गेला तर.

मी पाळक नाही, पण एक प्रसंग मनात येतो. योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य प्रभूला विचारतात, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. प्रभू दोन्ही पर्याय नाकारतो आणि चिखल करून त्याच्या डोळ्यांना लावतो. आपल्याकडे रुग्णाकडे पाहून कोणी म्हणतो व्यसनाचे फळ, कोणी म्हणतो घराण्याचा दोष. दोन्ही ऐकून माणूस तोंड झाकतो, आणि जखम दाखवायला सहा महिने उशीर करतो. सुरुवातीला ही जखम बहुधा दुखत नाही, त्यामुळे लपवणेही सोपे जाते.

वाचकांनी आपल्या घरातही हे पाहावे : दोन-तीन आठवड्यांत न भरलेला फोड, पांढरा किंवा लाल चट्टा, तीन बोटे न मावणारे तोंड, कारण नसताना हलू लागलेला दात, मानेतील गाठ. यांतले काही दिसले तर दंतवैद्याकडे किंवा सरकारी रुग्णालयात लगेच जावे. शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळतो, त्याची कागदपत्रे आमचे कार्यकर्ते करून देतात. सोडायची इच्छा असणाऱ्यांना १८००-११२-३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनाशुल्क सल्ला मिळतो. ज्या पाड्यांवर मोबाईलला रेंज नाही तिथे मात्र आपल्यालाच जावे लागते.

हितचिंतकांनी उलट टपाली रक्कम कशीही वापरण्याची मुभा दिली. तिच्यातून सहा चांगल्या बॅटऱ्या, तोंडात पाहायचे आरसे आणि हातमोजे घेतले. उरलेली रक्कम एसटीच्या भाड्यासाठी वेगळी ठेवली आहे, कारण तालुक्याला जा म्हटले की रुग्ण हो म्हणतो आणि भाड्याअभावी जात नाही. सोबत जायला माणूसही लागतो. ज्यांना महिन्यातला एक दिवस देता येईल अशा तरुण सभासदांनी आपल्या पाळकांमार्फत नाव कळवावे. थोरल्याला गेल्या महिन्यात पुन्हा पाहिले. पुड्या बंद आहेत असे तो सांगतो, आई मान हलवते. अजून दोनच बोटे जातात. पुढच्या महिन्यात पुन्हा पाहायचे आहे.